युद्धाचा हिशेब मागणारा गणिती

गणित म्हटले की आमच्या शेतकरी बंधूंच्या पोटात गोळा येतो, आणि तत्त्वज्ञान म्हटले की त्यांना जांभई येते. यात त्यांचा काडीमात्र दोष नाही. सावकाराच्या वहीत जे गणित लिहिले गेले त्याने त्यांची जमीन गेली, आणि पोथीतून जे तत्त्वज्ञान सांगितले गेले त्याने त्यांची अक्कल गहाण पडली. तेव्हा एका गणिती तत्त्वचिंतकाचे चरित्र येरमाळ्याच्या, कळंबच्या नि वाशीच्या शिवारात वाचून काय करावयाचे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. त्यास आमचे उत्तर असे. या गणित्याने आपले गणित सावकाराच्या बाजूने मांडले नाही, रयतेच्या बाजूने मांडले. आणि युद्ध नावाचा जो सर्वांत मोठा सावकार, त्याच्याकडे त्याने वही उघडून हिशेब मागितला. असले चरित्र रयतेनेच वाचावयाचे असते. पेठेतल्या पंडितांनी ते अर्धेच वाचले आहे व उरलेले अर्धे दडवून ठेवले आहे.

प्रो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्या पुरुषाचे नाव. विद्वान लोक त्यांना थोर इतिहासकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. २००८ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. परंतु याच माणसाने आयुष्याची शेवटली पंधरा-सोळा वर्षे अणुबाँबच्या विरुद्ध व शांततेच्या बाजूने आवाज उठविण्यात घालविली, हे सांगताना या विद्वानांची जीभ अडखळते. याचे कारण उघड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास आज कोणाच्या गल्ल्याला हात घालीत नाही. शांततेची मागणी मात्र आजच्या गल्ल्याला हात घालते. म्हणून इतिहासकार कोसंबी सभेत चालतात, आणि शांततेचे कोसंबी दाराबाहेर उभे राहतात!

प्रथम त्यांचे घराणे पाहू. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवाळचे. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावा या एका ध्यासाने १८९९ साली त्यांनी घर सोडले, आणि काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा प्रवास अर्धपोटी केला. परत आल्यावर त्यांना आधार कोणी दिला? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी. महिना पन्नास रुपयांची नेमणूक बांधून देऊन महाराजांनी या माणसास महाराष्ट्रात स्थिर केले. पुढे याच धर्मानंदांनी मुंबईत परळच्या कामकरी वस्तीत ‘बहुजनविहार’ काढला. विद्या मूठभरांच्या मुठीतून सोडवून बहुजनांच्या ओसरीवर आणावी, ही ज्योतीरावांनी दाखविलेली दिशा या घरास परकी नव्हती. कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण होते, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही जन्म मोजीत नाही, वर्तन मोजतो. १८४८ साली ज्योतीरावांच्या मुलींच्या शाळेस भिड्यांचा वाडा मिळाला, तो आम्ही विसरलो नाही. तसेच बहुजनांना अडाणी ठेवणारा भटजी कोण व शेटजी कोण, हेही विसरलो नाही.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे गावी झाला. १९१८ साली ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले व तेथेच शिकले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली ते सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. तेथे नॉर्बर्ट वीनर नावाच्या मोठ्या गणित्याशी त्यांचा स्नेह जमला. हे वीनर कसे निघाले ते पहा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या एका जुन्या लेखाची प्रत अस्त्रे बनविणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी मागण्यात आली. त्यांनी ती साफ नाकारली, आणि नकाराचे पत्र १९४७ साली छापून प्रसिद्ध केले. माझे गणित माणसे मारण्याकरिता मिळणार नाही, असा त्याचा मतलब होता. लोहाराने कुऱ्हाड करून द्यावी; पण गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या मानेचे माप सांगू लागले तर भाता बंद करावा, हा धर्म आमच्या कारागिरांस नवा नाही. विद्वानांस मात्र तो कोणी तरी शिकवावा लागतो.

परत आल्यावर कोसंबींनी काशीस गणित शिकविले, मग अलीगढला, आणि १९३३ पासून बारा वर्षे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, तेथे त्यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावणे आले. राहणे पुण्यास, काम मुंबईस, आणि जाणे-येणे दख्खनच्या राणीने, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता.

त्यांच्या गणिताची जात कशी होती, हे दोन उदाहरणांवरून आमच्या वाचकांस सहज कळेल. विळा दर सुगीत थोडा थोडा झिजतो. दहा विळे पुढ्यात टाकले, तर कोणत्या विळ्याने किती सुग्या पाहिल्या हे लोहार पाते चाचपून सांगतो. कोसंबींनी हेच जुन्या चांदीच्या नाण्यांचे केले. तक्षशिलेस सापडलेली नाणी त्यांनी तराजूत एकेक करून तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते. सबब झिजेवरून नाणे किती काळ बाजारात फिरले ते काढता येते, व त्यावरून कोणत्या राजाचे नाणे आधीचे व कोणत्या राजाचे नंतरचे तेही लागते. पोथीतली वंशावळ खोटी असू शकते. पण हजार हातांनी झिजविलेले नाणे खोटे बोलत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या अगदी पेरणीतले. पिकाचे गुण, म्हणजे दाण्याचा रंग, ताटाची उंची, रोगास टिकाव, हे बीजाच्या आत एका माळेत ओवल्यासारखे असतात. दोन गुणांत अंतर किती, हे संकर करून मिळालेल्या पिढ्यांवरून मोजण्याचे एक सूत्र कोसंबींनी १९४४ साली मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि नवे वाण काढणारे शास्त्रज्ञ आजही ते वापरतात. आमच्या मुलांना शाळेत गणिताचे शिक्षक शिक्षा करतात; परंतु तुमच्या बियाण्याच्या पिशवीमागे ज्या विद्येचा हात आहे, तिच्यात मराठी मुलखातल्या एका माणसाचे सूत्र आहे, हे शंभरात एकही शिक्षक सांगत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. इतर तत्त्वज्ञ गादीवर बसून आत्म्याचा शोध करतात. कोसंबी पायांत जाड बूट घालून, हातात काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर, खिंडी, पाऊलवाटा तुडवीत हिंडले. धनगराच्या वाड्याशी थांबले, शेंदूर फासलेल्या दगडाशी थांबले, घराजवळ पाल ठोकून राहिलेल्या फासेपारध्यांशी बोलले. मातृदेवतांची ठाणी पुष्कळदा जुन्या वाटा जेथे मिळतात तेथेच का असतात, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. वाटा मिळतात तेथे माणसे मिळतात. धनगर, शिकारी, शेतकरी तेथे एकमेकांस भेटत, देवघेव करीत, आणि भेटीच्या जागी देवीचे ठाणे बसे. पुढे दोन जमाती एक झाल्या की त्यांचे देवही सोयरे होत; कोणाचे लग्न लागे, कोणाची बहीण निघे. जिथे तलवारीने एक जमात दुसरीला कापू शकली असती, तिथे देवांच्या सोयरिकीने पुष्कळदा काम भागले, असे त्यांनी दाखविले. या मिलापाबरोबर जातीची उतरंडही आली व खालच्या मडक्यावर सगळा भार पडला, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

वाचकहो, हे वाचताना येरमाळ्याची आठवण कोणास होणार नाही? बालाघाटच्या डोंगरावर येडाई बसली आहे. खाली बार्शीकडून कळंबकडे जाणारी वाट सोलापूर-औरंगाबाद सडकेस मिळते. लोक येडेश्वरीस तुळजाभवानीची बहीण मानतात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत पालखी आमराईकडे निघते, आणि लाखो माणसे शिवारातून चुनखडीचे खडे वेचून ढीग घालतात. यात मराठा आहे, माळी आहे, धनगर, महार, मांग, कुंभार, मुसलमान व्यापारीही आहे. पंडितांच्या दृष्टीने हा अडाण्यांचा बाजार. कोसंबींच्या दृष्टीने असे ठाणे म्हणजे इतिहासाचे उघडे पान. ज्यांनी कधी सनद लिहिली नाही, ताम्रपट कोरला नाही, त्या लोकांचा इतिहास असल्या खड्यांत व वाटांत असतो, असे म्हणणारा पंडित आम्हांस शंभर वर्षांत किती वेळा भेटला?

अशा माणसास शांततेचा नाद का लागला? कारण तो हिशेबी होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला, आणि एका बाँबने एक शहर जळते हे जगास कळले. त्याआधी दोन वर्षे, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळ पडून सुमारे तीस लाख माणसे मेली. तेथे एकही बाँब पडला नव्हता. सरकारने युद्धाच्या नावाने होड्या काढून घेतल्या, धान्य फौजेकडे व शहराकडे वळविले, व्यापाऱ्याने साठे केले, आणि भात पिकविणाराच भातावाचून मेला. बाँबने मेलेला व भुकेने मेलेला असे दोन निरनिराळे खाते मांडण्याचे कारण नाही, दोघांची वही एकच आहे, असे ज्यास कळले तो शांततेकडे वळल्याशिवाय राहील कसा? १९५१ साली कोसंबींनी साम्राज्यशाही व शांतता या विषयावर निबंध लिहिला. त्याचा रोख हाच होता, की एकाने दुसऱ्याच्या ताटावर बसावयाचे व मग दोघांनी शांत रहावयाचे, हे घडणे नाही.

याच सुमारास जगातले इतरही गणिती हेच बोलू लागले होते. इंग्लंडचे बर्ट्रंड रसेल हे गणित व तत्त्वज्ञान या दोहोंतले अग्रणी. पहिल्या महायुद्धास विरोध केल्याबद्दल १९१८ साली त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि १९६१ साली एकोणनव्वदाव्या वर्षी अणुबाँबविरोधी चळवळीपायी ते पुन्हा आठवडाभर तुरुंगात गेले. १९५५ साली त्यांनी व आईन्स्टाईन यांनी मिळून सर्व सरकारांस जाहीर इशारा दिला, की अशा अस्त्रांच्या लढाईत जिंकणारा कोणी उरणार नाही. कोसंबींनी अमेरिकेच्या दौऱ्यात याच आईन्स्टाईन यांची भेट घेतली होती. ते जागतिक शांतता परिषदेचे सभासद झाले, १९५२ पासून दहा वर्षांत अनेक वेळा चीनमध्ये जाऊन आले, आणि जेथे तेथे एकच मागणी करीत राहिले: अणुबाँब बंद करा. १९५० साली स्टॉकहोम येथून याच मागणीचे जे आवाहन निघाले, त्यावर देशोदेशींच्या कोट्यवधी साध्या लोकांनी सह्या केल्या. येरमाळ्याच्या यात्रेत एकाच्या खड्याला काय वजन? पण संध्याकाळी ढीग उभा राहतो. सहीचेही तसेच.

आता त्यांनी कोणाचा रोष ओढवून घेतला ते ऐका. स्वातंत्र्य मिळाल्यावर आमच्या राज्यकर्त्यांस अणुशक्तीचे मोठे वेड लागले. टाटा संस्थेचे प्रमुख डॉ. होमी भाभा, आणि अणुशक्तीचे कारभारीही तेच. त्यांच्याच संस्थेत नोकरीस असून कोसंबी उघडपणे म्हणत होते, की या गरीब देशास अणूचा खर्च झेपणारा नाही. आमच्या डोक्यावर वर्षातून आठ-नऊ महिने जो सूर्य फुकट तापतो, त्याची शक्ती कामास लावा. १९६० साली पुण्यास रोटरी क्लबात त्यांनी याच विषयावर भाषण केले. सूर्य झोपडीवर पडतो तसाच वाड्यावर पडतो. त्यावर कोणाचा मक्ता नाही, त्यात गुपित नाही, आणि त्यातून बाँबही निघत नाही. पाण्याच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे हेच. मोठ्या धरणांच्या मागे धावण्याऐवजी पावसाळ्याचे पाणी थोड्या खर्चाच्या लहान लहान बंधाऱ्यांनी ठिकठिकाणी अडवा, असे त्यांनी आकडेशास्त्राच्या आधारे सुचविले. ऐकतो कोण? सचिवालयातल्या साहेबांस स्वस्त गोष्टीचा मोठा तिटकारा असतो. स्वस्तात मलई कोठली?

१९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. आम्ही येथे एक गोष्ट लपवीत नाही. त्याआधी त्यांनी गणितातल्या एका अतिशय अवघड, जगभर न सुटलेल्या प्रश्नाची उकल म्हणून एक लेख छापला होता; ती उकल चुकीची ठरली, आणि त्यांच्या नावास बट्टा लागला. त्यांचा स्वभावही तिखट होता. वरिष्ठांशी त्यांचे पटत नसे. विरोधकांस एवढे निमित्त पुरले. परंतु आम्ही विचारतो, की गणितातली चूक ही सूर्याबद्दलची चूक होते काय? बाँबबद्दलची होते काय? नांगरट वाकडी गेली म्हणून शेतकऱ्याने सांगितलेला पावसाचा अंदाज खोटा ठरत नाही. १९६४ साली पुण्याच्या एका विज्ञानसंस्थेत त्यांना मानाची जागा मिळाली खरी. पण २९ जून १९६६ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षीच, ते वारले. आज आमच्या जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या फिरतात, सरकार शेतकऱ्यास सौरपंप घ्या म्हणून जाहिराती देते, आणि नाला अडविणाऱ्या गावास बक्षिसे देते. ज्याने हे साठ वर्षांपूर्वी सांगितले, त्याचे नाव त्या जाहिरातीच्या कोपऱ्यातही नाही. बैल गेला अन् झोपा केला, तोही झोपा सांगणाऱ्याचे नाव पुसून!

आता आक्षेपकांकडे वळू. त्यांचे तीन आक्षेप नेहमीचे आहेत.

पहिला आक्षेप असा, की शांतता ही भेकडांची भाषा आहे, शिवछत्रपतींच्या मुलखात ती शोभत नाही. हे म्हणणाऱ्यांनी शिवछत्रपतींचे चिपळूणच्या छावणीस गेलेले पत्र एकदा डोळ्यांखालून घालावे. रयतेचे धान्य, गवत, लाकूड यांस फौजेने जबरीने हात लावू नये म्हणून त्या राजाने आपल्याच सैन्यास कडक ताकीद दिली आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे आधी रयतेची कणगी आहे, त्याच्याच हातातली तलवार शोभते. आजचे शूर कोण? रात्री टीव्हीपुढे बसून युद्ध मागतात ते! यांच्यापैकी कितीजणांची मुले शिपाई म्हणून भरती होतात, ते जरा मोजून पहा. पहिल्या महायुद्धास मराठे गेले, महार गेले. सातारा-रत्नागिरीकडे कित्येक गावांत इंग्रज सरकारने पाट्या लावल्या, की या गावातून इतकी माणसे लढाईस गेली व इतकी कामास आली. पाटीवर आकडा आहे, नावे नाहीत. साम्राज्याच्या वहीत आमची किंमत एवढीच होती.

दुसरा आक्षेप, की कोसंबी रशियाचे पोपट होते. जागतिक शांतता परिषदेचा कल मॉस्कोकडे होता, हे आम्ही नाकारीत नाही. १९५६ साली हंगेरीत रणगाडे शिरले तेव्हा ती परिषद एका आवाजाने बोलू शकली नाही, आणि तो तिच्यावरचा डागच आहे. परंतु कोसंबींस पोपट म्हणणाऱ्याने त्यांचे लेखन वाचलेले नाही. १९४९ साली कम्युनिस्ट पुढारी डांगे यांच्या ग्रंथाची त्यांनी अशी खरडपट्टी काढली, की पक्षाच्या लोकांस ती वर्षानुवर्षे सलत राहिली. पुस्तकी मार्क्सवाद्यांची थट्टा त्यांनी नाव ठेवून केली. आणि समजा, गावातल्या लबाडाने आरोळी दिली की गंजीस आग लागली, तर आधी पाण्याची घागर घ्यावयाची, की त्याचे चारित्र्य तपासावयाचे?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनाचा, व त्याचे उत्तरही विचारानेच दिले पाहिजे. शेजारी वैरी आहे, त्याच्याकडे बाँब आहे, मग आमच्याकडे नको काय? १९७४ साली पोखरणला पहिला स्फोट झाला. १९९८ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा स्फोट केले, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केले. त्या वेळी सांगण्यात आले की आता लढाई होणार नाही. वर्ष पुरते न पुरते तोच कारगिल झाले, आणि आमचे ५२७ जवान गेले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध प्रवाशांस ठार मारण्यात आले; ते कृत्य राक्षसी होते, व मारणाऱ्यांस शिक्षा झालीच पाहिजे. पुढच्या महिन्यात चार दिवस दोन अणुबाँबवाले देश एकमेकांवर क्षेपणास्त्रे टाकीत होते. म्हणजे बाँबने ना खून थांबले, ना लढाई थांबली. त्याने एवढेच केले, की प्रत्येक लहान भांडणाच्या बुडाशी सर्वनाशाची सुरुंगाची दारू नेऊन ठेवली. आज जगात असली सुमारे बारा हजार अस्त्रे आहेत. ती राखण करतात म्हणणाऱ्यास आम्ही विचारतो, गंजीच्या राखणीस कोणी पेटता पलिता ठेवतो काय?

आणि हत्याराच्या राज्याचा अनुभव आमच्या धाराशिव जिल्ह्यास दुसऱ्याने सांगावयास नको. १९४८ साली हा मुलूख निजामाचा होता. रझाकारांनी गावे जाळली, माणसे कापली, बायाबापड्यांची अब्रू घेतली. सरहद्दीपलीकडे बार्शीकडे लोक जीव मुठीत घेऊन पळाले. सप्टेंबरात हिंदी फौज आली व निजामशाही गेली, हे मोठेच चांगले झाले. पण त्यानंतर काय झाले, ते आमच्या म्हाताऱ्यांनी कुजबुजत सांगितले व पुस्तकांनी सांगितलेच नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने चौकशी केली. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त भोगलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. मेलेले बहुतेक गरीब मुसलमान होते. पिंजारी, विणकर, शेतमजूर, ज्यांचा रझाकारांच्या जुलमाशी संबंध नव्हता. सूड नेहमी असाच चुकीच्या दारावर थाप मारतो. बंदूक एकदा बाहेर निघाली की ती जुलमी कोण नि शेजारी कोण हे विचारीत नाही. तो अहवाल पासष्ट वर्षे लोकांसमोर आला नाही. हिशेब दडविला म्हणजे कर्ज फिटत नाही. त्यावर व्याज चढते.

आता रोकड हिशेब. २०२५-२६ सालच्या केंद्राच्या अंदाजपत्रकात संरक्षणास सहा लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक रुपये ठेवले आहेत, आणि शेतीच्या खात्यास सुमारे एक लाख सदतीस हजार कोटी. संरक्षणाच्या रकमेत जवानांचे पगार व पेन्शन आहे, त्यावर आमचा डोळा नाही. जवान आमचेच पोरगे आहेत. पण उरलेल्या रकमेचा मोठा भाग ज्या तोफा, विमाने, क्षेपणास्त्रे यांत जातो, त्यांचे कारखानदार कोण, दलाल कोण, देशी किती व परदेशी किती, हे विचारण्याचा अधिकार सोयाबीनचा भाव पडल्यावर घरातले मंगळसूत्र मोडणाऱ्या शेतकऱ्यास आहे की नाही? आकाशवाणीसारखे येणारे आकडे ऐकून मान डोलाविण्याचे दिवस गेले. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना ज्योतीरावांनी सरकारच्या उधळपट्टीचे ओझे कोणाच्या पाठीवर पडते ते दाखविले. कोसंबींनी तेच काम गणिताने केले. दोघांचा प्रश्न एकच होता: खाणारा कोण आणि भरणारा कोण?

म्हणून आमच्या येरमाळा परिसरातील शेतकरी, कारागीर, मजूर बंधुभगिनींस आमची विनंती आहे. कोसंबींची काही पुस्तके मराठीत उतरली आहेत, ती गावच्या वाचनालयात आणवा. वाचनालय नसेल तर शाळेच्या कपाटात ठेववा. ज्या देवीच्या ठाण्यास तुम्ही पाठ नमवून जाता त्या ठाण्याचा इतिहास तुमचाच आहे, हे मुलांस कळू द्या. मुलगा असो की मुलगी, गणित येत नाही म्हणून शाळा सोडू देऊ नका. ज्यास हिशेब येत नाही त्याचा हिशेब दुसरा करतो. ६ ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढे चार माणसे जमवून हिरोशिमात काय झाले ते वाचून दाखवा. जिल्ह्यातल्या पारध्याच्या पालावर कोणी विनाकारण हात टाकू लागला, मुसलमान शेजाऱ्याकडे कोणी बोट दाखवू लागला, तर तेथल्या तेथे आडवे व्हा; जगाच्या शांततेची पहिली सही तीच आहे. आणि यापुढे कोणी फेटा उडवून युद्धाची आरोळी ठोकली, तर त्यास शांतपणे तीन प्रश्न घाला: मरणार कोण? पैसा कोणाचा? आणि नफा कोणाच्या घरी?

या तीन प्रश्नांची उत्तरे जो सरळ देईल, त्याचे पुढचे बोलणे जरूर ऐका. जो उत्तर न देता तुम्हांसच देशद्रोही म्हणेल, त्यास सांगा, की वही उघड, आम्हांस वाचता येते.